जुनी ४०७ घेतली आहे, ऑइल-पाणी घरीच बदलायचं म्हणतोय

टोमॅटोवाला_जुन्नर

नमस्कार मंडळी. २०१५ची टाटा ४०७ (छोटा ट्रक) घेतली, तिसरा मालक मी. नारायणगावातून वाशीला टोमॅटो, टोमॅटो नसला की कांदा, असा धंदा. विकणारा म्हणाला, "आत्ताच सर्व्हिसिंग केलंय." बिल मागितलं तर विषय बदलला. म्हणून इंजिन ऑइल, गिअर बॉक्स, हौसिंग (मागच्या ॲक्सलचा डिफरन्शियल), कूलंट, ब्रेक ऑइल, सगळं एकदा काढून नवीन भरायचं ठरवलंय. ट्रॅक्टरचं मी स्वतःच करतो, त्यामुळे पाना हातात घ्यायची भीती नाही. गिअर बॉक्स आणि हौसिंगला एकच ऑइल चालतं असं दुकानदार म्हणतो, खरं का? आणि इंजिन आधी डिझेलने धुऊन घ्यायचं का?

घाटवाट

धुवायचंच. जुनं काढा, डिझेल भरा, थोडा वेळ आयडलला ठेवा, काढून टाका, नवीन भरा. आमच्याकडचे सगळे मिस्त्री असंच करतात. काय घाण निघते बघा!

रिटायर_फिटर

घाटवाट, घाण निघते हेच तर दुखणं आहे. सगळी बाहेर येत नाही. सुटलेला गाळ चेंबरमधल्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) जाळीवर जाऊन बसतो आणि ऑइल पंपाला ऑइल मिळेनासं होतं. शिवाय कोपऱ्याकापऱ्यात राहिलेलं डिझेल नवीन ऑइल पातळ करतं. टर्बोच्या गाडीला तर हे नकोच. त्यापेक्षा साधं चांगलं ऑइल भरा आणि पहिली बदली नेहमीपेक्षा लवकर करा. ऑइल स्वतःच हळूहळू धुतं, त्यात तेवढा साबण असतो.

आता जुन्नरकर दादा, तुमचं. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभी नोकरी काढली, तिथली सवय सांगतो. जुन्या गाडीची पहिली ऑइल बदली म्हणजे गाडीची तपासणी. आत काय भरता ते नंतर बघू, बाहेर काय येतं ते आधी बघा. म्हणून सगळं एकाच घमेल्यात ओतू नका. प्रत्येकाला वेगळं स्वच्छ भांडं घ्या.

इंजिन कोमट असताना चेंबरचा नट काढा. काळं आलं म्हणून घाबरू नका, डिझेल इंजिनात ऑइल लवकर काळं होतंच, काजळी धरून ठेवणं त्याचं कामच आहे. चहासारखं दुधाळ आलं तर मात्र थांबा. पाणी आत जातंय, हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर. डिझेलचा वास येऊन ऑइल मोजायच्या पट्टीवर लेव्हल वाढलेली असेल तर डिझेल पंप किंवा इंजेक्टर बघावा लागेल. अशा वेळी नवीन ऑइल भरणं म्हणजे पैसे मोरीत ओतणं.

फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग फिल्टरसोबत आली का ते बोट फिरवून बघा. जुनी रिंग वर चिकटून राहिली आणि त्यावर नवीन बसवली, तर रस्त्यात सगळं ऑइल फेकलं जातं. नवीन रिंगला ऑइलचं बोट लावा आणि फिल्टर हातानेच आवळा. चेंबरच्या नटचा तांब्याचा वायसर नवीन टाका. २०१५च्या गाडीला १५डब्ल्यू-४० (हा जाडीचा आकडा), सीआय-४ दर्जाचं पुरे, दोन्ही डब्यावर छापलेलं असतं. वाचणाऱ्यांपैकी कोणाची बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची गाडी) असेल तर त्यांनी हे ऐकू नये. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर असेल तर कमी राखेचं ऑइल लागतं, पुस्तकात दर्जा छापलेला असतो. नवीन भरताना थोडं कमीच भरा, मग पट्टी बघत वाढवा. सुरू केल्यावर ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत ॲक्सिलेटरला पाय लावू नका, टर्बो कोरडा फिरतो.

गिअर बॉक्स आणि हौसिंगसाठी दुकानदाराचं ऐकू नका. हौसिंगमध्ये क्राऊन-पिनियन हे दातेरी गिअर घासत फिरतात, त्यांना जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा) लागतं. गिअर बॉक्समध्ये सिंक्रोच्या (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगा असतात, त्यांना जीएल-४. जीएल-५मध्ये गंधक-फॉस्फरस जास्त, ते पितळ खाऊ शकतं. दोन्ही ठिकाणी आधी भरायचा नट सुटतो का बघा, मगच खालचा काढा. ऑइल खाली सांडून मोकळे आणि वरचा नट गंजून बसलेला, अशी गाडी दारात अडकते. भरताना भोकाच्या खालच्या काठाला ऑइल लागलं की बास, लिटर मोजत बसायची गरज नाही. हौसिंगवरचा ब्रीदर (हवा बाहेर सोडणारं भोक) पण साफ करा. तो चिखलाने बुजला की गरम होऊन आत दाब होतो आणि ऑइल सीलमधून ब्रेक ड्रममध्ये उतरतं. मग लोक सील बदलत बसतात.

कूलंट काढताना इंजिन पूर्ण थंड हवं. बोअरचं पाणी भरलेलं असेल तर तांबडं, गंजलेलं येईल. निवळ येईपर्यंत धुवा आणि डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं कूलंट भरा. काढलेलं उघड्यावर ठेवू नका. ते गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

ब्रेक मात्र एकट्याने करू नका, एअर काढायला पॅडलवर दुसरा माणूस लागतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवीन असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरल्यावर ती हद्द १५५ वर येते. तुम्ही भरलेली गाडी घेऊन बोरघाट उतरणार. ड्रम तापले, आतलं उकळलं, की पॅडल थेट तळाला. म्हणून दोन वर्षांनी बदलायचंच. पहिल्यांदा मिस्त्री शेजारी उभा करा, त्यात कमीपणा नाही.

४०७ च्या खाली जायला जॅक लागत नाही (पोट आडवं येत नसेल तर). तरी सपाट जागा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (गाडी घरंगळू नये म्हणून ठोकळे) हवीच.

चाकणचा_चालक

काकांनी सगळं सांगितलं, एक जोडतो. डुप्लिकेट ऑइलपासून सावध राहा, डब्याचं सील नीट बघा. आणि आपला रिकामा डबा भंगारात देताना त्याला भोकं पाडा, नाहीतर त्याच डब्यात भलतंच भरून पुन्हा विकायला येतं.

टोमॅटोवाला_जुन्नर

काका, इंजिन, गिअर बॉक्स, हौसिंग झालं. इंजिनचं काळं, दुधाळ नाही. हौसिंगच्या नटच्या चुंबकावर करडी पेस्ट, तुकडे नाहीत. गिअर बॉक्सचा नट स्वच्छ, पण ऑइल उन्हात धरलं तर सोनेरी चमक दिसते. आणि काळ्या ऑइलचं काय करू? वडील म्हणतात कुंपणाच्या खांबांना लाव, वाळवी लागत नाही.

रिटायर_फिटर

हौसिंगची पेस्ट चालते. गिअर बॉक्सची चमक पितळाची. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून नट स्वच्छ दिसला. सिंक्रो रिंगा झिजल्यात, बहुतेक आधीच्या मालकाने कुठलंही ऑइल भरलेलं. वरून खाली गिअर टाकताना खर्रर्र होतं का? होत नसेल तर जीएल-४ भरून चालवा, एक सीझन झाला की पुन्हा काढून बघा. चमक कमी झाली तर सोडून द्या. वाढली तर बॉक्स खोलायचा खर्च धरून ठेवा, आणि विकणाऱ्याशी बोलायचं असेल तर आताच बोला, त्या ऑइलची बाटली भरून ठेवा.

वडिलांना नमस्कार सांगा, पण खांबांना नको. पावसात ते विहिरीकडेच जाणार. २०१६च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरा आणि ज्या मोठ्या गॅरेजमधून परवानाधारक रिसायकलवाला बॅरल उचलतो तिथे द्या. फक्त कूलंट किंवा ब्रेक ऑइल त्यात मिसळू नका, मग तेही घेत नाहीत.