धनकवडी की नऱ्हे? हॉस्टेल सोडून चौघींसाठी फ्लॅट बघतोय, प्लीज मदत करा

बार्शीची_पोरगी
नमस्कार सगळ्यांना. मी पुण्यात धनकवडीत इंजिनिअरिंग करते, आता थर्ड इयरला जाईन. आम्ही चौघी मैत्रिणी हॉस्टेल सोडतोय आणि दोन फ्लॅटवर गाडी अडलीय. एक नऱ्ह्यात, टू बीएचके, नवीन बिल्डिंग, लिफ्ट, भाडं १८,००० आणि डिपॉझिट ६०,०००. दुसरा धनकवडीतच, जुन्या सोसायटीतला वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही, भाडं १६,०००, डिपॉझिट ५०,०००, पण कॉलेज चालत जाण्यासारखं. घरच्यांना नऱ्ह्याच्या फ्लॅटचा व्हिडिओ दाखवला तर सगळे त्याच्याच प्रेमात पडलेत. तिथला मालक म्हणतो अ‍ॅग्रीमेंट एकीच्याच नावाने करू, नोटरी पुरते, ११ महिन्यांचंच तर आहे. आणि ब्रोकर सारखा फोन करतोय की आज टोकन द्या नाहीतर हातचा जाईल. काय करू?

सिंहगडरोडकर
धनकवडी घ्या. नऱ्ह्याहून रोज यायचं म्हणजे हायवे ओलांडणं आलं, नवले पुलाचा परिसर आला. कात्रजच्या नवीन बोगद्यापासून खाली उतार आहे, तिथे ब्रेक फेल झालेल्या ट्रकचे अपघात दर वर्षी ऐकतो आपण. मॅपवर अंतर थोडंसं दिसतं, पण सबमिशनच्या दिवसांत रात्री दहाला लायब्ररीतून निघून त्या रस्त्याने स्कूटी हाणायची हे मला तरी पटत नाही. रिक्षाने जाल तर आधीच जास्त असलेल्या भाड्यावर तो खर्च वेगळाच.

पाणीवाली_ताई
मी याच भागात भाड्याने राहत आलेय म्हणून सांगते, फ्लॅट बघायला जाल तेव्हा हॉल नका बघत बसू, आधी बाथरूममध्ये जा. शॉवरची भोकं पांढऱ्या खराने बुजलेली असतील, नळाच्या बुडाशी चुन्यासारखा थर असेल तर समजायचं बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी आहे, मग केस गळतायत म्हणून रडायचं नाही. मालक ‘चोवीस तास पाणी’ म्हणतो ते टाकीतलं असतं, टाकीत कुठून येतं ते विचारायचं. वॉचमनला बाजूला घेऊन विचारा की एप्रिल-मेमध्ये दिवसाला किती टँकर येतात आणि त्याचे पैसे भाडेकरूकडून वेगळे घेतात का. नऱ्हे पालिकेत आलंच मुळी २०२१ मध्ये, त्यामुळे कॉर्पोरेशनचं पाणी नक्की कुठल्या बिल्डिंगला येतं ते बिल्डिंग टू बिल्डिंग विचारावं लागतं. जानेवारी २०२५ ला सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी इकडे जीबीएस म्हणजे गिलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराची साथ आली आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं, तेव्हापासून मी पिण्याच्या पाण्याबाबत कुणाचंच तोंडी ऐकत नाही. तुम्हीही ऐकू नका, कुठलाही फ्लॅट घ्या पण प्युरिफायर आहे का आणि त्याची सर्व्हिसिंग शेवटची कधी झाली ते बघाच.

अजून एक, लाइटबिल. महावितरणचं मागचं बिल मागून घ्या, थकबाकी दिसते. चौघींचा एकच मीटर, त्यात गिझर आणि इंडक्शन, ३०० युनिटच्या वर गेलात की पुढच्या स्लॅबचा दर चांगलाच चढतो.

सोसायटीची_सेक्रेटरी
बाळा, त्या नोटरीच्या गोष्टीला अजिबात हो म्हणू नकोस. आमच्या सोसायटीत दर जूनला मुलं येतात, त्यामुळे हे रोजचं झालंय. ११ महिन्यांचं असलं म्हणून रजिस्ट्रेशन लागत नाही हा महाराष्ट्रात निव्वळ गैरसमज आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे हाच भाड्याने राहण्याचा करार, लेखी आणि रजिस्टर्डच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. केलं नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड होऊ शकतो. खर्च तरी किती? स्टँप ड्युटी ०.२५ टक्के, म्हणजे तुझ्या धनकवडीच्या फ्लॅटला ११ महिन्यांचे ५०० रुपयेसुद्धा होत नाहीत, रजिस्ट्रेशनचे १,०००, वर एजंट घरी येऊन अंगठे घेतो त्याची फी. एवढ्यासाठी जो मालक टाळतो तो ६०,००० परत करताना कसा वागेल याचा विचार कर. आणि चौघींची नावं घाल. एकीच्याच नावावर असेल तर उद्या भाडं थकलं तर सगळा बोजा तिच्यावर, आणि बाकी तिघींकडे आपण इथे राहतो याचा कागदच नाही.

मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस त्याच्याकडून घेते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. मालक ते तुमच्याकडून वेगळे मागत असेल तर आधीच स्पष्ट करून घ्या. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन दिली की नाही तेही विचार.

बार्शीची_पोरगी
थँक्यू काकू आणि ताई, बाबांना हे सगळं वाचून दाखवलं, ते आता नोटरीवाल्याला नाहीच म्हणतायत. ब्रोकरलाही सांगितलं टोकन आज देणार नाही. धनकवडीच्या मालकीणबाई रजिस्टर करायला तयार आहेत. फक्त दोन शंका. आमच्यातली एक इंटर्नशिपसाठी डिसेंबरनंतर बेंगळुरूला जाऊ शकते. आणि त्या म्हणतात सोडताना रंगकामासाठी एका महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापणार, हे असंच असतं का?

सोसायटीची_सेक्रेटरी
कापतात बरेच जण, पण ११ महिन्यांत भिंती एवढ्या काय खराब होणार? वाटाघाट करायची, निम्म्यावर येतात. जे ठरेल तो आकडा अ‍ॅग्रीमेंटमध्येच लिहून घे, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार तेही. लॉक-इन, म्हणजे फ्लॅट सोडता येत नाही तो काळ, तीन महिन्यांच्या वर मान्य करू नकोस, नोटीस एक महिना. एक जण गेली तर तिच्या जागी दुसरी मुलगी मालकीणबाईंच्या संमतीने येईल ही ओळ घालायला सांग, मग डिसेंबरचं टेन्शन राहणार नाही.

पाणीवाली_ताई
आणि सामान आत न्यायच्या आधी सगळ्या भिंती, बेसिन, कपाटांची दारं, ओल आलेले कोपरे, मीटरचं रीडिंग यांचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकीणबाईंना व्हॉट्सअ‍ॅप करा. तिसरा मजला टॉपचा असेल तर छताला ओल आहे का ते पावसात एकदा जाऊन बघा, आत्ता पाऊस चालूच आहे, उद्याच जा.