असल उत्तर १९६५: टेबलावरच्या लढाईत पॅटन आणि सेंच्युरियनला गुण कसे द्यावेत?

धरमपेठकर: दिवाळीनंतर नागपुरात असल उत्तरची लढाई (१९६५ च्या भारत-पाक युद्धातली, पाकिस्तानचे पॅटन रणगाडे विरुद्ध आपले सेंच्युरियन) टेबलावर, खेळ म्हणून, मांडायची आहे. तोफ आणि चिलखत बघून गुण दिले की दर वेळी पॅटनच जिंकतो. काय बदलावं?

महालवाला: भाऊ, तोफांना सारखेच गुण द्या. पॅटनची ९० मिमी, सेंच्युरियनची २० पाउंडर म्हणजे ८४ मिमी. भेदण्यात ती कुठंच कमी नाही. खरा फरक पहिला गोळा किती लवकर आणि किती नेमका जातो, यात आहे. एम-४८ मध्ये, म्हणजे पॅटनच्या मुख्य मॉडेलमध्ये, स्टिरिओस्कोपिक अंतरमापक कमांडर चालवतो. दोन्ही डोळे लावून आतली खूण लक्ष्याइतक्याच खोलीवर दिसेपर्यंत चाक फिरवायचं. सगळ्यांची नजर यात बसत नाही, सरावही भरपूर लागतो. लांबवर, मोकळ्या रानात ते सोनं आहे. उभ्या उसात लक्ष्य चार-पाचशे मीटरवर अचानक दिसतं. तिथं सेंच्युरियनच्या गनरचा नुसता अंदाजही पुरतो. म्हणून १,००० मीटरच्या पुढं, तेही पॅटन थांबलेला असेल तरच, त्याला एक गुण जास्त. सेंच्युरियनच्या तोफेला स्टॅबिलायझर (रणगाडा हलतानाही तोफ स्थिर ठेवणारी यंत्रणा) आहे, त्यामुळे ज्या फेरीत तो हलून थांबला त्याच फेरीत त्याला गोळा मारू द्या.

अंबाझरी७१: चिखलाचे गुण पॅटनच्या नावावर कापू नका, ही चूक सर्रास होते. सेंच्युरियन सुमारे ५१ टन, साखळीचा पट्टा ६१ सेंमी रुंद. एम-४८ सुमारे ४५ टन, पट्टा ७१ सेंमी. आधी रुतेल तो सेंच्युरियन! पॅटन फसले कारण चालून येणारे ते होते, आणि शेतांत कालव्याचं पाणी सोडलेलं होतं. आपले रणगाडे दबा धरून जागेवर होते. पोळ्याच्या सुमारास काळ्या मातीत ट्रॅक्टर घालणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. दंड नकाशातल्या ओल्या चौकटींना लावा. जुन्या पॅटनचा, एम-४७ चा, पट्टा ५८ सेंमीच आहे, त्याला थोडा जास्त.

धरमपेठकर: शर्मन आणि एएमएक्स-१३ या आपल्या इतर रणगाड्यांचं काय करू?

महालवाला: डेक्कन हॉर्स या आपल्या रणगाडा रेजिमेंटच्या शर्मनची ७६ मिमी तोफ पॅटनला समोरून जड जाते, बाजूनं लागली तर पुरते. त्यांना उसात लपवूनच सुरुवात करा. एएमएक्स-१३ च्या तोफेला गोळे पुरवणाऱ्या दोन ड्रममध्ये मिळून १२ गोळे. संपले की ड्रम बाहेरून भरावे लागतात. तेव्हा १२ गोळ्यांनंतर त्याला मागं घ्या आणि दोन फेऱ्या बसवा.

अंबाझरी७१: आगीचाही फासा ठेवा. इंजिन दोघांचंही पेट्रोलवर, पण पॅटनचा बुरूज (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) हायड्रॉलिक तेलावर फिरतो आणि ते तेल पेट घेतं. सेंच्युरियनचा विजेवर. बुरूज भेदला गेला तर पॅटनला आगीचा एक फासा जास्त.