वजन उतरले, पण अंगातले त्राण गेले. नेमके काय चुकते आहे?

पळसफूल (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. माझे वय ३८, उंची १५५ सेंटिमीटर. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. संक्रांतीला माझे वजन ७४ किलो होते. दहा आठवड्यांत ते ६६ किलोवर आले असून घरचे आणि शाळेतले सगळे कौतुक करतात. परंतु गेल्या महिनाभरापासून जो थकवा येतो, त्याचा उलगडा मला होत नाही. पहाटे पाचला उठून मी डांबरी रस्त्याने फाट्यापर्यंत जाऊन येते, म्हणजे सहा किलोमीटर होतात, आणि आल्यावर वीस मिनिटे दोरीवरच्या उड्या मारते. पूर्वी ही फेरी सव्वा तासात होत असे. आता दीड तास लागतो आणि वाटेतल्या पुलाच्या कठड्यावर एकदा तरी टेकावे लागते. परवा नळ आला नाही म्हणून बोअरवरून गुंड भरून आणला, तर तो पाण्याचा हंडा घेऊन ओट्याच्या तीन पायऱ्या एका दमात चढता आल्या नाहीत. दुसऱ्या पायरीवर गुंड टेकवून उभी राहिले, तेव्हा छाती धडधडत होती आणि कानात बारीक गुणगुण चालू होती. दुपारी तीननंतर वह्या तपासताना डोळे आपोआप मिटतात. केसही गळू लागले आहेत.

आहार असा आहे: सकाळी कोमट पाण्यात लिंबू, दहाला ज्वारीची एक भाकर व वाटीभर पालेभाजी, रात्री काकडी-टमाटरची कोशिंबीर सांबार (कोथिंबीर) टाकून आणि पपईच्या चार फोडी. वरण, भात, तेल व गूळ बंद केले आहेत. बिनसाखरेचा चहा मात्र चार वेळा होतो, त्यातला एक जेवणाला लागूनच. झोप सात तास मिळते, ताप नाही. शरीराला सवय होईपर्यंत असे चालायचेच, की आणखी काही कारण असावे?

फाट्यावरचा (जि. अकोला)

ताई, पहिले दोन-तीन महिने शरीर कुरकुर करणारच. मी गेल्या वर्षी ११ किलो वजन उतरवले, तेव्हा मलाही असेच वाटत असे. एवढे कमावल्यावर आता चालणे सोडू नका. उलट थोडे वाढवा, म्हणजे दम वाढेल.

निवृत्त सिस्टर (जि. वर्धा)

वरील भाऊंशी मी सहमत नाही. शरीराला व्यायामाची सवय होत असेल, तर दहा आठवड्यांनी तीच फेरी सोपी वाटायला हवी. ताईंच्या बाबतीत उलट घडते आहे, म्हणून चालणे वाढवण्याचा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

प्रथम जेवणाचा हिशेब पाहू. ताईंच्या वयाच्या, उंचीच्या आणि आजच्या वजनाच्या स्त्रीला नुसते पडून राहिले तरी दिवसाला अंदाजे १,३०० कॅलरी लागतात. श्वास, हृदय आणि अंगाची ऊब यांतच त्या खर्च होतात. त्यावर सहा किलोमीटर चालणे, दोरीच्या उड्या, शाळा आणि घरकाम आले. एक भाकर, पालेभाजी, कोशिंबीर, पपई आणि चार कप चहा मिळून मात्र ६००-७०० च्या पुढे फारसे जात नसावे. आठवड्याला अर्धा किलो उतरवायला रोजची ५०० कॅलरींची तूट साधारणपणे पुरते. येथे ती दुपटीहून अधिक आहे. इतकी मोठी तूट पडली की शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळते, आणि ज्याने गुंड उचलायचा तो स्नायूच झिजला तर पायरी जड होणारच. प्रथिनांचेही तेच आहे. प्रौढ माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे मानक आहे, म्हणजे ताईंना जवळपास ५५ ग्रॅम. आणि त्यांनी बंद काय केले, तर वरण! तुरीच्या शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. यवतमाळसारख्या तुरीच्या मुलखात राहून वरण सोडावे, हे मला मुळीच पटत नाही.

पण छातीची धडधड, कानातली गुणगुण आणि केस गळणे हे वाचून मला पहिली शंका रक्ताची येते. लोह कमी पडले की हिमोग्लोबिन उतरते, पेशींना प्राणवायू कमी पोहोचतो, आणि ती कसर भरून काढायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे ही शंका काही जगावेगळी नाही. पालेभाजीतले लोह मुळातच कमी शोषले जाते आणि जेवणाला लागून घेतलेला चहा ते आणखी अडवतो. जे लिंबू तुम्ही उपाशीपोटी पिता, ते भाजीवर पिळले असते तर अधिक उपयोग झाला असता. पाळीत रक्तस्राव किती होतो, हे तुम्ही लिहिलेले नाही. संकोच न करता सांगावे.

जवसचटणी (जि. बुलढाणा)

थायरॉइडही तपासून घ्या. माझ्या बहिणीला असाच थकवा होता, फक्त तिचे वजन उतरण्याऐवजी वाढत होते. अंडी-मटण खात नसाल आणि दूधही चहापुरतेच असेल, तर बी-१२ जीवनसत्त्व पाहावे. साखरेची तपासणीही आपल्याकडे लोक विसरतात. मधुमेहात वजन आपोआप उतरते आणि माणूस आहाराला यश आले म्हणून खूश होतो.

पळसफूल

सिस्टर, पाळी सहा-सात दिवस चालते आणि पहिले तीन दिवस रक्तस्राव बराच असतो. दुसऱ्या बाळंतपणापासून हे असेच आहे, म्हणून मी ते आजारात धरलेच नव्हते. अंडी आमच्या घरात येत नाहीत.

भरतीवाला (कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली)

ताई, रक्त तपासताना सिकलसेलची (रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, त्या आनुवंशिक आजाराची) चाचणीही करून घ्या, अशी माझी विनंती आहे. मी पोलीस भरतीसाठी १,६०० मीटर धावण्याचा सराव करीत होतो आणि वजन कमी करायचे म्हणून रात्रीचे जेवण सोडले होते. एप्रिलमध्ये एकदा सकाळी उशिरा, उन्हात, पाणी न पिता धावलो आणि मैदानातच कोसळलो. पायांचे स्नायू दगडासारखे झाले होते. तपासणीत मी सिकलसेलचा वाहक निघालो. डॉक्टरांनी समजावले की वाहकाला सहसा काही त्रास नसतो आणि नुसते वाहक असल्याने रक्तही कमी होत नाही, परंतु ऊन, तहान आणि जिवापाड धावणे एकत्र आले तर स्नायूंना इजा होऊ शकते. आता मी उजाडताच, पाणी पिऊन आणि थांबत थांबत सराव करतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून आमच्या गावात आता लग्नाआधीच सिकलचे विचारतात.

निवृत्त सिस्टर

भाऊंची सूचना योग्य आहे. आपल्या विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, हा आजार बराच आढळतो. रक्त कमी दिसले की लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करणारे पुष्कळ असतात. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (रक्ताचाच दुसरा आनुवंशिक आजार) यामुळे रक्त कमी असेल, तर त्या गोळ्यांनी मूळ कारण जात नाही आणि लोह विनाकारण साठू शकते. ताई, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची चाचणी), बी-१२, साखर आणि सिकलसेल एवढे एकदाच करून घ्या. तोवर उड्या बंद, चालणे हळू आणि निम्मे. छातीत दुखले, बसल्या जागी दम लागला किंवा चक्कर येऊन पडलात, तर अहवालांची वाट न पाहता दवाखाना गाठा.

पळसफूल

अहवाल आले. हिमोग्लोबिन ९.१ (डॉक्टर म्हणाल्या, किमान १२ हवे), फेरिटिन ६, बी-१२ काठावर, थायरॉइड व साखर ठीक, सिकलसेल नाही. लोहाची गोळी सुरू झाली असून ती चहापासून दोन तास दूर घ्यायची आहे. रक्तस्रावाचे कारण पाहण्यासाठी पुढच्या आठवड्यात सोनोग्राफी आहे. वरण आणि दही पुन्हा सुरू केले. तीन आठवड्यांत वजन ६६ चे ६६.५ झाले, तेव्हा जरा जिवावर आले, हे कबूल करते. पण काल गुंड घेऊन तिन्ही पायऱ्या चढले, वर पोहोचल्यावर मात्र थोडे थांबावे लागले. गोळीने शौचाचा रंग काळा झाला आहे, तो चालतो का?

निवृत्त सिस्टर

चालतो, लोहाच्या गोळीने तसे होतेच. डांबरासारखे काळे, चिकट आणि दुर्गंधीयुक्त झाले तर मात्र लगेच दाखवा. बद्धकोष्ठ होऊ लागले तर पाणी वाढवा आणि गोळी सोडण्याआधी डॉक्टरांशी बोला. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी ती साधारण तीन महिने घ्यावी लागते. उड्यांची दोरी तोवर खुंटीलाच राहू द्या.

फाट्यावरचा

ताई, मी चालणे वाढवायला सांगितले ते चुकले. मीही उद्या रक्त तपासून घेतो.