आठ महिने रोज बोलतोय, पण भेटायचं म्हटलं की 'लोकल बंद आहे'

डोंबिवलीची_मी (१४ डिसेंबर २०२०)
वय २९, डोंबिवली पूर्व, मार्चपासून वर्क फ्रॉम होम. एप्रिलमध्ये टिंडर या डेटिंग ॲपनं पासपोर्ट (लोकेशन जगात कुठलंही ठेवायची सोय) फुकट केलं होतं तेव्हा टाइमपास म्हणून ॲप टाकलं, चार दिवस लोकेशन पॅरिस ठेवून तिकडच्या लोकांशी हाय-हॅलो केलं, मग कंटाळून परत डोंबिवलीवर आले तर मॅच झाला विरारचा मुलगा. हसू नका. तेव्हापासून रोज बोलतोय. वन रूम किचनमध्ये आम्ही चौघं, त्यामुळे व्हिडिओ कॉल म्हणजे रात्री ११ नंतर गच्चीच्या जिन्यात. एकदाच घरातून केला तर मागून बाबा बनियनवर आले आणि म्हणे एवढ्या रात्री कसली गं मीटिंग.
तर भेटायचं म्हटलं की याचं उत्तर ठरलेलं, लोकल बंद आहे. आधी पटायचं. पण २१ ऑक्टोबरपासून आम्हा बायकांना लोकलमध्ये ११ ते ३ आणि ७ नंतर सोडतात ना, मी म्हटलं मीच येते दादरला बदलून, तर म्हणे नको, गर्दी असते, तुझ्या आईला शुगर आहे. आईची काळजी केली म्हणून बरं वाटलं खरं सांगते. पण आता हॉटेलं उघडली, थिएटरं उघडली, दिवाळीच्या पाडव्याला देवळंसुद्धा उघडली, याचं काही उघडेना. खरंच काही आहे की नुसता लॉकडाऊनपुरता टाइमपास?

स्पष्टवक्ता_ठाणे
जिल्ह्याबाहेर जायला लागायचा तो ई-पास सप्टेंबरातच गेला. बाईक आहे ना त्याच्याकडे? विरारहून घोडबंदर रोडनं निघाला तर ठाणं, तिथून डोंबिवली किती लांब. खड्डे आहेत, मान्य, पण खड्ड्यांमुळे कुणाचं लग्न अडलेलं ऐकलं नाही. सोड त्याला.

कोकणकन्या८८
व्हिडिओवर दिसतो म्हणजे फोटो तरी खरा आहे, तेवढं बरं. पैसे मागितलेत का कधी? मागितले तर तिथंच ब्लॉक कर. माझ्या मैत्रिणीला एकानं परदेशातून गिफ्ट पाठवलंय, कस्टमवाल्यांनी अडवलंय म्हणून ३५ हजाराला घातलं, तोही रोज गुड मॉर्निंग पाठवायचाच.

डोंबिवलीची_मी
नाही गं, पैशाचं तर तो नावच काढत नाही. उलट मी म्हटलं वाढदिवसाला काहीतरी ऑनलाइन मागवते तुझ्यासाठी, तर चिडला.

घरबसल्या_एक
चिडला ना? मग माझं ऐक. मी पण यंदा एका मुलीला सहा महिने लोकलचंच कारण दिलं. खरं कारण असं की जूनपासून पगार अर्धा आणि ऑगस्टमध्ये तोही बंद. व्हिडिओवर शर्ट इस्त्रीचा, खाली हाफ पँट, चालून जातं. भेटलं की कॉफीचं बिल येतं, ऑफिस कसं चाललंय विचारलं जातं, आणि मी तिला रोज रात्री खोट्या बॉसच्या गोष्टी सांगत होतो. शेवटी तीच कंटाळून गेली, बरोबरच केलं तिनं. तुझ्यावालाही तसाच असेल असं नाही, पण 'कधी भेटायचं' हे आठ महिने विचारलंस, एकदा 'नोकरीचं कसं चाललंय' विचारून बघ.

स्पष्टवक्ता_ठाणे
हे माझ्या डोक्यातच नाही आलं. तरी खोटं ते खोटंच.

डोंबिवलीची_मी (१७ डिसेंबर)
काल जिन्यात बसून विचारलं. बराच वेळ काहीच बोलला नाही, मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाला सप्टेंबरपासून घरीच आहे, बाईकसुद्धा विकली, आणि सकाळी मित्रासोबत होलसेलची भाजी आणून सोसायट्यांत विकतो. मला राग कशाचा आला माहितीये, मी रोज 'आज काय केलंस' विचारायचे तेव्हा हा मला एक्सेलच्या शीटबद्दल सांगायचा! भांडलो मग, मोठ्या आवाजात, खालच्या काकू दार उघडून बघून गेल्या.
शनिवारी ठाण्याला तलावपाळीला भेटतोय. तो भाजीच्या टेम्पोतून येणार. माफबिफ अजून केलेलं नाही हं.

कोकणकन्या८८
मास्क घाल. आणि ३ च्या आत परत गाडीत बस, नाहीतर ७ पर्यंत तिथंच अडकशील.

डोंबिवलीची_मी
अडीचला निघणार आहे घरून 🙂