मदत हवी आहे: जिभेवरची जखम भरत नाहीये

केतकी_दंत: पेशंटच्या जिभेच्या डाव्या कडेला जखम आहे. दाढेचं टोक घासून गुळगुळीत केलं, स्टेरॉइड जेल दिलं, तरी भरत नाही. कॅन्सर असेल का? उद्या तो परत येतोय, लवकर सांगा.

रानवारा: किती दिवस झाले? वय? तंबाखू? दुखते का? गळ्यात गाठी?

निळीशाई: बी-१२ तपासा. माझं तोंड सारखं यायचं, इंजेक्शनं घेतल्यावर थांबलं.

रानवारा: तोंड येणं वेगळं, ते बहुतेक १०-१४ दिवसांत आपोआप बरं होतं. केतकी, माहिती द्या ना.

केतकी_दंत: सॉरी, घाईत राहिलं. ७ आठवडे, वय ४१, तंबाखू नाही. घास लागला की कळवळतो. कडा वेड्यावाकड्या, आतून पोखरल्यासारख्या, तळाशी पिवळट कणीदार थर. जबड्याखाली बोराएवढी गाठ.

सप्तपर्ण: पोखरलेली कड म्हटल्यावर टीबी आठवायलाच हवा. खोकला, वजन, संध्याकाळचा ताप विचारलात? तोंडातला टीबी बहुधा फुफ्फुसातल्या टीबीच्या मागून येतो. बेडक्यातले जंतू जिभेवरच्या ओरखड्यात रुजतात. जेल आजच बंद करा.

जुना_हात: ३० वर्षांत एकही पाहिला नाही. उगाच घाबरवू नका. हाताला कडक लागत असेल तर कॅन्सरच धरा.

सप्तपर्ण: टीबीची जखमही कडक लागते, सर. नुसत्या नजरेने फरक कळत नाही, म्हणून तर बायॉप्सी. एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा सलाइनमध्ये. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यावर कल्चर (जंतू वाढवून बघणं) होत नाही. आणि झेड-एन स्टेन (टीबीचे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली शोधायची तपासणी) निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाही असं समजू नका, तोंडातल्या तुकड्यात जंतू फार थोडे असतात.

मधुमालती: अल्ट्रासॉनिक स्केलर (पाण्याचा फवारा उडवत दात साफ करायचं यंत्र) कोणता चांगला? नवीन घ्यायचाय.

रानवारा: वेगळा धागा काढा, प्लीज.

केतकी_दंत: स्केलर वाचून पोटात गोळा आला. पहिल्याच भेटीत त्याचं स्केलिंग केलं होतं, साधा सर्जिकल मास्क लावून. आत्ता फोन केला. २ महिने खोकला आहे, पट्टा २ भोकं आत गेलाय. मी विचारलं नाही, आणि दाताच्या डॉक्टरला खोकला कशाला सांगायचा, असं त्याला वाटलं.

सप्तपर्ण: आधी एक्स-रे आणि थुंकी. त्याला मास्क द्या, तुम्ही एन-९५ लावा, ड्रिल-स्केलरला हात नको.

केतकी_दंत: एक्स-रे आला. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला पोकळी. छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं, थुंकी गेली. बायॉप्सीचं त्यांच्याशी बोलून ठरवते. माझं आणि असिस्टंटचं काय?

सप्तपर्ण: थुंकीत जंतू निघाले तर दोघींची टीबीची चाचणी, मँटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची). निगेटिव्ह आली तरी शेवटच्या संपर्कानंतर ८-१० आठवड्यांनी पुन्हा. मध्ये खोकला किंवा ताप आला तर वाट बघू नका, लगेच एक्स-रे काढा.