इमिग्रेशन कायद्याचे संशोधन गोठणगावपासून का सुरू करू नये?

मूळ लेखन : विधी शाखेच्या अंतिम वर्षाची विद्यार्थिनी, अर्जुनी मोरगाव तालुका

लघुप्रबंधासाठी मी इमिग्रेशन कायदा हा विषय निवडला, तेव्हा मार्गदर्शक सरांचा पहिला प्रश्न होता, "तुला कॅनडाला जायचे आहे का?" घरी बाबांनीही तेच विचारले. आपल्याकडे हा कायदा म्हटला की व्हिसा, एजंट आणि परदेशी गेलेला कुणाचा तरी मुलगा एवढेच डोळ्यांपुढे येते. माझे म्हणणे असे आहे की हा कायदा आमच्या तालुक्यात पन्नास वर्षांहून अधिक काळ नांदतो आहे आणि त्याच्या अभ्यासाला येथूनच प्रारंभ व्हायला हवा.

गोठणगावजवळची नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ साली वसली. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. तो १९९९ मध्ये वेगळा झाला. म्हणून जुन्या कागदांत ही वसाहत 'भंडारा' या नावाखाली सापडते, आणि गोंदिया हा शब्द घेऊन शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. या वसाहतीतल्या माणसांना आम्ही शेजारी म्हणून ओळखतो, परंतु कायद्याच्या लेखी ते कोण आहेत याचे उत्तर घराघरांत, कधी कधी एकाच घरात, वेगवेगळे आहे.

नागरिकत्व अधिनियम, १९५५ चे कलम ३ पाहावे. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती, परकीय राजदूतांच्या अपत्यांसारखे थोडे अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक ठरते. आईवडील कुठले, हे विचारले जात नाही. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील यांपैकी एक जण नागरिक असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक, अथवा एक नागरिक आणि दुसरा 'बेकायदा स्थलांतरित' (वैध कागदांविना आलेला किंवा परवानगीची मुदत संपूनही राहिलेला परकीय) नसलेला, अशी अट आहे. आता तिबेटहून आलेल्या एखाद्या दाम्पत्याची मुलगी १९८५ मध्ये आणि मुलगा १९८९ मध्ये याच वसाहतीत जन्मला असे समजा. बहीण भारतीय नागरिक आणि भाऊ परकीय! पुढे त्या बहिणीला २००६ मध्ये मूल झाले आणि त्याचे वडील परकीय म्हणून मिळालेल्या केवळ नोंदणी प्रमाणपत्रावर राहणारे असतील, तर ते वडील 'बेकायदा स्थलांतरित' या व्याख्येत बसतात की नाही, यावर त्या मुलाचे नागरिकत्व अवलंबून राहते. माझ्या प्रबंधाचा गाभा हाच प्रश्न आहे.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये नामग्याल डोलकर यांच्या प्रकरणात, त्या १९८६ साली भारतात जन्मल्या असल्यामुळे जन्माने नागरिक आहेत, असे स्पष्ट केले आणि त्यांना पासपोर्ट नाकारणारा निर्णय रद्द ठरवला. २०१६ मध्ये फुंत्सोक वांग्याल प्रकरणात त्याच न्यायालयाने ही भूमिका कायम ठेवली. दोन्ही निकाल मी अनेकदा वाचले आहेत, आणि प्रत्येक वेळी मला आमच्या आठवडी बाजारातले चेहरे आठवले आहेत.

अडचण साधनांची आहे. ग्रंथालयातली सगळी पुस्तके १९४६ च्या विदेशी नागरिक अधिनियमावर आधारलेली आहेत, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तो अधिनियम, १९२० चा पासपोर्ट (भारतात प्रवेश) अधिनियम, १९३९ चा नोंदणी अधिनियम व २००० चा वाहतूकदारांच्या दायित्वाचा अधिनियम हे चारही रद्द होऊन त्यांच्या जागी २०२५ चा एकच अधिनियम आला आहे. सोबत केंद्राने सवलतींचा वेगळा आदेशही काढला असून त्यात तिबेटींचा उल्लेख आहे. जुने निकाल नव्या कलमांना कितपत लागू पडतील हे एकेक कलम समोरासमोर ठेवून तपासावे लागेल. हा विषय खेड्यातल्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातला नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी कारणासह लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १ : वकील, तालुका न्यायालय, गडचिरोली जिल्हा

ताई, आपला अभ्यास चांगला आहे, तरीही मी आपल्याशी असहमत आहे. नागरिकत्व आणि परकीय व्यक्ती हा केंद्रसूचीतील सतराव्या नोंदीचा विषय, प्रवेश व हद्दपारी हा एकोणिसाव्या नोंदीचा. राज्याला त्यात कायदा करता येत नाही आणि तालुका न्यायालयापुढे असे प्रकरण वर्षानुवर्षे येत नाही. माझ्यापुढे रोज येतात ते फेरफार, सातबाऱ्यावरील चुकीची नोंद, पटवाऱ्याकडे अडकलेला वारसा आणि वन हक्काचे फेटाळलेले दावे. २००६ च्या वन हक्क कायद्याखाली आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते, आणि त्या पुराव्याअभावी हक्क गमावलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी लिहिणारे विद्यार्थी आम्हाला मिळत नाहीत. येथे शिकलेल्या मुलीने दिल्लीच्या न्यायालयातील प्रश्न हाती घ्यावा आणि धानाच्या बांधावरचा प्रश्न तसाच राहावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रतिसाद २ : मूळ लेखिका

वकीलसाहेब, आपण दिलेले उदाहरण मला माझ्या विषयाच्या अगदी जवळचे वाटते. वन हक्क कायदाही माणसाला विचारतो, तू येथे केव्हापासून आहेस आणि कागद कुठे आहे? फरक पुढे पडतो. वन हक्क नियमांतील तेराव्या नियमाप्रमाणे गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाब पुरावा म्हणून चालतो, तर परकीय नागरिकांच्या कायद्यात मी परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच असतो, आणि २०२५ च्या अधिनियमातही तो भार तसाच ठेवलेला आहे. एकाच राज्यव्यवस्थेने वास्तव्याच्या पुराव्याच्या दोन इतक्या वेगळ्या कसोट्या का स्वीकारल्या, हे शेजारी शेजारी मांडायला विदर्भाइतकी योग्य जागा मला दिसत नाही. आपल्या सूचनेमुळे हे प्रकरण मी प्रबंधात नव्याने घालणार आहे.

प्रतिसाद ३ : निवृत्त पोलीस अधिकारी, भंडारा

जिल्ह्यात पोलीस अधीक्षक हेच विदेशी नागरिक नोंदणी अधिकारी म्हणून काम पाहतात, त्यामुळे या नोंदवह्या मी जवळून पाहिल्या आहेत. लेखिकेचा ओढा एका बाजूला आहे, असे मला वाटते. परकीय व्यक्तीला देशाबाहेर काढण्याचा केंद्राचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये हान्स म्युलर प्रकरणात पूर्णपणे मान्य केला. लुई दे रेड्ट हे बेल्जियमचे धर्मप्रसारक १९३७ पासून भारतात राहत होते. तरीही १९९१ मध्ये न्यायालयाने सांगितले की अनुच्छेद २१ चे संरक्षण परकीयालाही आहे, परंतु येथे वास्तव्य करून स्थायिक होण्याचा अनुच्छेद १९ मधील हक्क फक्त नागरिकांचा आहे. २००५ च्या सर्वानंद सोनोवाल प्रकरणात तर पुराव्याचा भार सरकारवर टाकणारा आसामपुरता कायदाच घटनाबाह्य ठरला. भार व्यक्तीवर ठेवण्यामागे साधे कारण आहे : जन्म कुठे झाला हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. शेजाऱ्याविषयीचा जिव्हाळा ही चांगली गोष्ट आहे, पण प्रबंधात राज्याची बाजूही तितक्याच ताकदीने मांडली जावी.

प्रतिसाद ४ : मुलचेरा तालुक्यातील एक रहिवासी

माझे आजोबा पूर्व पाकिस्तानातून आले. तेव्हा हा भाग चांदा जिल्ह्यात होता. शासनाने आम्हाला येथे वसवले आणि जमीन दिली. आमच्या समाजाचा रोजचा त्रास जातीच्या दाखल्याचा आहे, कारण अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते आणि पश्चिम बंगालच्या यादीत असलेली नमःशूद्र जात महाराष्ट्राच्या यादीत नाही. पण मी लिहितो आहे ते वेगळ्या कारणाने. निवृत्त साहेब म्हणतात, जन्म कुठे झाला हे ज्याचे त्याला ठाऊक असते. ठाऊक असणे आणि कागदाने दाखवता येणे यांत किती अंतर आहे, हे आमच्या म्हाताऱ्यांना विचारावे. घरी झालेल्या बाळंतपणाची नोंद कोण करायला गेले होते?

आणि ताई, आपल्यालाही एक सांगायचे आहे. प्रबंधासाठी घरोघरी जाऊन कोण केव्हा आले, कुणाकडे कोणता कागद नाही, असे लिहून घेऊ नका. आपला हेतू स्वच्छ आहे, तरी लिहिलेला कागद कुणाच्या हाती जाईल हे आपल्याला सांगता येत नाही. नाव बदलले तरी लहान वसाहतीत माणूस लगेच ओळखू येतो. आपल्याला गुण मिळतील, आणि चौकशी मात्र त्या घराची होईल.

प्रतिसाद ५ : मूळ लेखिका

भाऊ, आपल्या लिहिण्याने मला दोन दिवस विचार करायला लावला. वसाहतीतील वीस कुटुंबांच्या मुलाखती घेण्याचे मी ठरवले होते आणि त्याची प्रश्नावलीही तयार होती. ती आता मी बाजूला ठेवली आहे. उदाहरणे प्रकाशित निकालांतूनच घेईन, कारण तेथे ती माणसे आपला हक्क मागण्यासाठी स्वतः उघडपणे उभी राहिली आहेत. निवृत्त साहेबांचा आक्षेपही मला मान्य आहे. हान्स म्युलर आणि दे रेड्ट यांना मी तळटीपेत ठेवले होते, ते आता दुसऱ्या प्रकरणात येतील. मात्र सोनोवाल निकालाबाबत मी त्यांच्याशी सहमत नाही. तो निकाल आसामच्या सीमेवरील परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून दिलेला आहे, आणि सरकारने स्वतः जागा देऊन वसवलेल्या, ज्यांची नोंद सरकारच्याच दप्तरात आहे अशा लोकांना त्यातला युक्तिवाद जसाच्या तसा लावता येईल का, हे तपासल्याशिवाय मी तो स्वीकारणार नाही.

प्रतिसाद ६ : वकील, तालुका न्यायालय, गडचिरोली जिल्हा

माझे मूळ मत बदललेले नाही. बांधावरचे प्रश्न आधी, असेच मी म्हणेन. पण पुराव्याच्या दोन कसोट्यांचे प्रकरण लिहून झाले की मला अवश्य वाचायला द्या. वडीलधाऱ्यांचे जबाब वन हक्क समिती कसे नोंदवून घेते, त्यात कोणता शब्द राहून गेला की दावा फेटाळला जातो, हे निकालपत्रांत वाचून कळणार नाही. आमच्याकडे धानकापणी आटोपल्यावर ग्रामसभा आहे, तिला आपण या.