अपघाती मृत्यूनंतरची भरपाई : पाच लाखांच्या कागदावर सही करावी का?

कृष्णाकाठ :
दोन महिन्यांपूर्वी कऱ्हाडजवळ महामार्गावर एका डंपरने मागून धडक दिली आणि माझे थोरले बंधू जागीच गेले. ते 38 वर्षांचे होते आणि ग्रिल, लोखंडी दरवाजे करण्याचा त्यांचा स्वतःचा गाळा होता. घरी वहिनी, आठवीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि आमची आई आहे. डंपरचा विमा चालू होता. मागच्या आठवड्यात विमा कंपनीचा माणूस घरी येऊन सांगून गेला की, चूक कोणाची हे न पाहता पाच लाख लवकर मिळतील. कोर्टाची पायरी चढलात तर वर्षानुवर्षे जातील, शिवाय दादांनी हेल्मेट घातले नव्हते आणि आयकराचे विवरणपत्रही कधी भरलेले नाही, त्यामुळे फार काही हाती लागणार नाही. त्याने ठेवलेला कागद अजून देवघराच्या फळीवर तसाच आहे. वहिनींनी सही केलेली नाही, पण मुलांच्या शाळेचा खर्च समोर दिसतो आहे. सही करावी का?

जुना कारकून :
आपल्या दुःखात सहभागी आहे. मी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या कार्यालयात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून प्रथम एवढेच सांगतो की त्या कागदावर तूर्त सही करू नये.

तो माणूस म्हणतो ते पाच लाख मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खालचे आहेत. 2019 च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे आणि तीत चूक सिद्ध करावी लागत नाही, हे खरे आहे. मात्र ठरवून दिलेल्या पद्धतीने ही रक्कम स्वीकारली की कलम 166 खालचा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून न्यायाधिकरणाकडे पूर्ण भरपाई मागण्याचा, अर्ज संपुष्टात येतो, असे त्याच कायद्याच्या परंतुकात (कलमाला जोडलेल्या अटीत) लिहिले आहे, आणि घरी येणारी माणसे नेमके हेच वाक्य वाचून दाखवत नाहीत. चूक कोणाची हे कळलेच नाही किंवा सिद्ध करता येणार नाही अशा प्रकरणात पाच लाख हा मोठा आधार असतो. येथे मागून धडक बसलेली आहे, म्हणून आपला मार्ग कलम 166 चा.

त्या मार्गाने किती मिळू शकते याचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी या निकालांत घालून दिला आहे. दादांचे उत्पन्न महिना 15,000 धरले गेले असे समजू. वय 40 च्या आत आणि व्यवसाय स्वतःचा, म्हणून भविष्यातील वाढीपोटी 40 टक्के मिळवायचे : 21,000. वर्षाचे झाले 2,52,000. घरात चार आश्रित असल्याने त्यांच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करायचा : 1,89,000. 36 ते 40 या वयोगटाला गुणक 15 आहे, म्हणजे 28,35,000. सहवास हरपल्यापोटी प्रत्येकी 40,000, तसेच अंत्यविधी आणि मालमत्तेचे नुकसान यांपोटी प्रत्येकी 15,000 हे वेगळे. या ठरावीक रकमा दर तीन वर्षांनी 10 टक्क्यांनी वाढवायच्या, असेही प्रणय सेठी निकालात आहे. सहवासाची रक्कम केवळ पत्नीलाच नव्हे, तर मुलांना आणि आईलाही मिळते, हे 2018 मध्ये स्पष्ट झाले. त्या पाच लाखांशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

हेल्मेट नव्हते म्हणून अर्ज फेटाळला जात नाही. कंपनी सहभागी निष्काळजीपणाचा, म्हणजे दादांचीही काही चूक होती असा, मुद्दा काढून काही टक्के कापून मागेल. पण अपघात हेल्मेट नसल्यामुळे घडला की डंपर मागून आल्यामुळे, हे पाहिले जाते. म्हणून प्रथम माहिती अहवाल, स्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि पुढे दोषारोपपत्र यांच्या नकला पोलीस ठाण्यातून घेऊन ठेवा. डंपर नेमका कुठे थांबला आणि घसरल्याच्या खुणा किती लांब होत्या, हे त्या स्थळ पंचनाम्यातच असते. चालकावरचा फौजदारी खटला संपेपर्यंत थांबायचे कारण नाही.

आणि मुदत. दुरुस्तीनंतर कलम 166 चा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण आपण त्या भरवशावर राहू नये. अर्ज कऱ्हाडच्याच हद्दीत करावा लागतो असेही नाही. कुटुंब जेथे राहते तेथील न्यायाधिकरणातही तो चालतो.

मनीप्लांट :
माझे यजमान गेले तेव्हा मीही याच ठिकाणी उभी होते, म्हणून उत्पन्नाबद्दल लिहिते, कारण आमची खरी परीक्षा तेथेच झाली. यजमानांचे रसवंतीगृह होते आणि विवरणपत्र आम्हीही भरलेले नव्हते. उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी विचारले, ‘उत्पन्नाचा एक तरी कागद दाखवता का?’ सासऱ्यांनी ऊसवाल्याची बिले आणि बँकेचे पासबुक पुढे केले, आणि ऊस देणारा स्वतः साक्षीला उभा राहिला. कागद मुळीच नसेल तर न्यायाधिकरण साधारणतः त्या कामाच्या किमान वेतनावर येऊन थांबते, आणि पंधरा वर्षांच्या गुणकात महिन्याच्या हजार-दोन हजारांचा फरक फार मोठा होतो. दादांच्या गाळ्यावर ग्राहकांच्या मापांची वही असेल, ती आधी ताब्यात घ्या.

वयासाठी आधारकार्डावर विसंबू नका. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा सोडल्याचा दाखला अधिक ग्राह्य धरला आहे. एका वर्षाच्या फरकानेही गुणक घसरू शकतो.

आणखी एक, थोडे नाजूक. मुलांच्या वाट्याची रक्कम सहसा ते सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहते. आमच्याकडे सासूबाईंचा वाटा किती असावा यावरून घरात बोलणे झाले, आणि ते निकालाच्या दिवसापेक्षा जास्त लक्षात राहिले. अर्ज करतानाच आई, वहिनी आणि आपण एकत्र बसून हे बोलून घ्या.

कृष्णाकाठ :
आपणा दोघांचे आभार. दोन शंका उरल्या आहेत. दादांच्या आयुर्विम्याचे चार लाख वहिनींना मिळाले आहेत. ते भरपाईतून वजा होतील का? आणि एक ओळखीचे वकील रकमेच्या 20 टक्के मागत आहेत.

जुना कारकून :
वजा होणार नाहीत. आपल्याच एसटी महामंडळाविरुद्धच्या हेलन रिबेलो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवले आहे. आयुर्विमा दादांनी स्वतः हप्ते भरून घेतला होता, त्याचा लाभ धडक देणाऱ्याला कसा मिळेल?

टक्केवारीवर फी ठरवणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांत बसत नाही, हे त्या गृहस्थांना ठाऊक असणारच. वहिनींना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली, उत्पन्न किती हे न पाहता, स्त्री म्हणून मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच ते कार्यालय असते.

कृष्णाकाठ :
काल गाळा उघडला. मापांची वही सापडली. पेन्सिलीने लिहिलेली आहे, पण प्रत्येक ग्राहकापुढे आगाऊ किती घेतले आणि बाकी किती, हे दादांच्या अक्षरात आहे. मागच्या वर्षी ज्यांच्याकडे गच्चीचे कठडे बसवले, ते साक्षीला यायला तयार आहेत. सोमवारी वहिनींना घेऊन जिल्हा न्यायालयात जात आहे. फळीवरचा कागद कोराच परत करतो.